पुसलेली बारा बोटं

“फितीला हात कोणी लावला, माई?”

टेकडीवरच्या मठात पाऊल ठेवताच, नमस्कारही न करता, निरंजन बेडेकरने विचारलं. माई तांदूळ निवडत होत्या.

“कसली फीत?”

“तारेवरची.”

कळसावर पडलेली वीज जमिनीत जावी म्हणून मठाला एक तांब्याची तार आहे. ती धर्मशाळेच्या भिंतीलगत उतरते. तार पुरेशी आहे, भिंतीपलीकडे झोपणाऱ्यांना धोका नाही, असं निरंजनने सही करून दिलं होतं. तो वीजतज्ज्ञ, शिवाय माईंचा शिष्य. दोन्हींचा तोरा त्याला सारखाच होता. आपलं बरोबर आहे हे दाखवायला त्याने तारेला आडवी एक फीत बांधली होती, कॅसेटमध्ये असते तशी, एक सूर भरलेली. तारेतून वीज गेली की जवळचा सूर पुसला जातो. वीज जितकी मोठी, तितका लांबवर.

परवा वीज पडली होती.

“चार बोटं पुसला जायला हवा होता. बारा बोटं पुसलाय! एवढी मोठी वीज इथे पडूच शकत नाही.”

“मग?”

“कोणीतरी चुंबक फिरवलाय.”

त्याने स्वयंपाकीण सोनूबाईंकडे पाहिलं. मग पुजाऱ्याकडे. मग, लाज सोडून, माईंकडे.

“नवी तार हवी होती, तर सरळ मागायची.”

सोनूबाईंना ते फार लागलं. माई खडे वेचत राहिल्या.

“चुंबक फिरवला तर पुसल्याची कड कशी येते रे?”

“वेडीवाकडी.”

“आणि ही?”

“… सरळ आहे.” तो गुरगुरला. “फिरवणारा हुशार असेल.”

संशय घ्यायचाच ठरवलं की माणसाला सरळ रेघही लबाड दिसते.

“बरं,” माई म्हणाल्या. “फीत खोटी आहे, असं लिहून दे. धर्मशाळेतल्या सात म्हाताऱ्या परवापासून स्वयंपाकघरात दाटीवाटीनं झोपतात. तुझा कागद मिळाला की त्यांना परत तिकडे पाठवते.”

“आत्ता देतो.”

“तिथेच बसून लिही. मेज आहे.”

निरंजन तरातरा धर्मशाळेत गेला. तारेच्या भिंतीला पाठ लावून बसला. म्हाताऱ्या आपापली गाठोडी उचलून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना कधी एकदा आपल्या खाटेवर पडतो असं झालं होतं.

त्याने ‘फीत खोटी आहे’ एवढं लिहिलं. सही राहिली होती.

डोंगरामागे गडगडलं.

…

निरंजन अंगणात उभा होता. पेन हातात, कागद आत. आपण कधी उठलो, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्या त्याच्याकडे बघत होत्या. गाठोडी त्यांनी परत खाली ठेवली.

माई सूप बाजूला ठेवून त्याच्याजवळ आल्या.

“फितीवर कोणी चुंबक फिरवलाही असेल, बाबा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पायांवर कोणी फिरवला?”