यमुनाक्का शेळीचा अर्ज

विषय : शेळीस वाघीण करण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार शेळी हिचे तोंडी वाक्य.

फार वर्षांपूर्वी एका रानात पोपटमास्तर इंग्रजीचा वर्ग घेत. आपण जे नाही, ते आहोत असं धरून कसं बोलायचं, हा त्या दिवशीचा धडा होता. यमुनाक्का शेळीने उभं राहून अर्थासकट म्हटलं, "इफ आय वेअर अ टायगर... मी वाघीण असते, तर तळ्यावर आधी मी पाणी प्यायले असते."

शेजारीच रानाची कचेरी होती. कानावर पडेल ती मागणी नोंदवून घ्यायची, अशी तिथली पद्धत. साळिंदर कारकुनांनी पाठीचा एक काटा उपसून वाक्य टिपलं, आवक क्रमांक घातला आणि हरकत असल्यास कळवावी म्हणून प्रत वाघाला धाडली.

वाघ समक्षच आला. "काय यमुनाक्का, आमच्यात येताय म्हणे?"

शेळी चार पावलं मागे सरली. "नाही हो महाराज. वाघीण नाही, म्हणून तर तसं बोलायचं असतं. मी आपली साधी शेळीच."

"मग प्रश्नच मिटला," वाघ मिशीवरून जीभ फिरवत म्हणाला.

"थांबा," साळिंदर मान वर न करता म्हणाले. "निकाल लागेपर्यंत अर्जदार शेळी की वाघीण, हे कचेरीला सांगता येत नाही. आणि वाघाने वाघीण खाण्याची तरतूद नाही."

वाघ उपाशीच परतला.

"भाऊसाहेब," शेळीने हळूच विचारलं, "निकालाला किती दिवस लागतील?"

"घाई आहे का?"

"छे, मुळीच नाही."

तेव्हापासून ती दर सोमवारी पट्ट्यांच्या रुंदीबाबत एक नवी दुरुस्ती सादर करते. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.