खाडीतले हरकतदार

वाघदांड्याच्या कोळीवाड्यात जनसुनावणी भरली होती. खाडीच्या तोंडाशी भराव घालून मोठा धक्का बांधायचा बेत होता. सुनावणी घेणाऱ्या राजोपाध्ये साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवून ठणकावलं, "समुद्र तापला, मासा निघून गेला. मासे शोधणाऱ्या आमच्या यंत्राला या खाडीत काहीच सापडलं नाही. तरी कायद्यानं प्रत्येकाची हरकत ऐकणं मला भाग आहे. बोला!"

मग म्हातारा नवश्या नाखवा उठला. "सायब, हरकत घेणारे पाण्यात हायेत. त्यांना मंडपात येता येत नाय. तवा ऐकायला तुमीच होडीत चला."

लोक हसले. पण कायदा साहेबांनीच सांगितला होता. नाही कसं म्हणणार? ते तणतणत होडीत बसले.

खाडीच्या तोंडाशी नवश्यानं वल्हं पाण्यात उभं धरलं. "पाणी तापलं तशी घोळ मासळी काठ सोडून या खोल खळग्यात उतरली. आमी तिला अशीच शोधतो. लावा कान."

साहेबांनी नाइलाजानं वल्ह्याच्या दांड्याला कान लावला. खाली ढोल घुमत होते, एक नाही, शेकडो. तो नाद लाकडातून थेट त्यांच्या छातीत उतरत होता.

"हे सगळे... मासे बोलतायत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"व्हय. घरावर भराव पडणार म्हटल्यावर बोलणारच की!"

साहेबांनी डोळे मिटून पुन्हा कान लावला. भरती सरली तरी त्यांना उठवेना. भरावाच्या कागदावर त्यांनी शेवटपर्यंत सही केली नाही.