मंदारवतीचे नऊ जागे मणी

एका राज्यात सगळं होतं, फक्त राणीला झोप नव्हती. नदीला पाणी होतं, गाईंना दूध होतं, हत्तीखान्यात हत्ती होते आणि त्यातला एकेक हत्ती रात्री असा घोरे की भिंतीवरची माती पडे. राणी मंदारवती मात्र पलंगावर टक्क जागी. एक रात्र नव्हे, दोन रात्री नव्हेत, नऊ वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटे कधी चिमूटभर डुलकी यायची, तेवढ्यावर ती राज्य चालवत होती.

उपाय करायचे बाकी ठेवले होते का? छे. राजवैद्यांनी म्हशीच्या दुधात जायफळ उगाळून दिलं. दासींनी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली, इतकी घासली की वाटी झिजली. उशी पूर्वेला केली, मग दक्षिणेला केली. एका गवयाला उशाशी गायला बसवलं, तर तो गाता गाता स्वतःच झोपला आणि राणीने उठून त्याच्या अंगावर शाल घातली. शिवाय सल्ले. उशीला डोकं टेकताच ज्यांचं घोरणं सुरू होतं, त्यांच्याकडे सल्ले फार असतात. "डोळे मिटून पडून राहावं सरकार, येते आपोआप," असं सेनापती रोज सांगे. याच सेनापतीला राणीने एका सकाळी भर दरबारात 'आई' म्हणून हाक मारली. तिचं डोकं असं झालं होतं. तोंडातला शब्द हरवे, हातातली किल्ली हरवे, आणि दिवस मावळला की ती महालाच्या दारातच घुटमळे, कारण आत पलंग वाट पाहत असे.

आता त्या राज्याची एक वहिवाट ऐका. दर वर्षी पेरणीच्या आधी बीजसभा भरे. राज्यकर्त्याने सिंहासनावर बसून आपल्याला पडलेलं स्वप्न सांगायचं, आणि स्वप्नात जे पीक दिसलं त्याचं बी सगळ्यात आधी जमिनीत जायचं. सांगून झालं की सांगणाऱ्याच्या ओठांतून एक मणी निघे आणि चांदीच्या तबकात पडे. मंदारवतीच्या वडिलांचे मणी लाल, हिरवे, पिवळे होते, आणि हातात घेतले तर उबदार लागत. सिंहासनाच्या पाठीवर अक्षरं कोरली होती: ज्याला स्वप्न नाही, त्याला सिंहासन नाही.

नऊ वर्षांपूर्वी वडील गेले आणि तेरावं होताच दुसऱ्या दिवशी बीजसभा आली. आदल्या रात्री मंदारवती वडिलांच्या पलंगावर रडत पडली होती. झोप आली नाही. बाप गेल्यावर कुणाला येते? त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण ती वीस वर्षांची होती, सगळा दरबार तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि तिने एक स्वप्न रचून सांगितलं. म्हणाली, सोन्याच्या लोंब्यांचं भात पाहिलं. तबकात पांढरा, थंडगार मणी पडला. लोक म्हणाले, मोती. त्या दिवसापासून झोप गेली ती गेलीच. मग दर वर्षी एक नवं रचलेलं स्वप्न, एक नवा मोती, आणि पीक बेताचंच.

दहाव्या बीजसभेला पंधरा दिवस उरले, तेव्हा राणीच्या खिडकीत एक पिंगळा येऊन बसला. पिंगळा म्हणजे वाटोळ्या डोळ्यांचं चिमुकलं घुबडच. तो म्हणाला,

"राणी, माझी शिकार रात्रीची, म्हणून मी जागतो. तू कुणाची शिकार करतेस?"

"कुणाचीच नाही."

"मग तुझीच होत असणार. घुमाईकडे चल."

घुमाई ही जादूगारीण. सात टेकड्यांपलीकडे एका जांभळीच्या ढोलीत राहायची. त्या ढोलीत चूल, विहीर आणि दोन शेळ्या होत्या. राणी पोचली तेव्हा घुमाई भाकरी थापत होती. तिने मान वर करून विचारलं,

"किती वर्षं?"

"नऊ."

"आणि पांढरे मणीही नऊच?"

राणीची मान खाली गेली. इतक्या वैद्यांनी नाडी पाहिली, हे कुणी विचारलं नव्हतं.

"ते मोती नाहीत पोरी, डोळे आहेत," घुमाई म्हणाली. "रचलेल्या स्वप्नाचा मणी मिटत नाही, आणि तो मिटत नाही तोवर तूही जागी. दहावा पडला की झोप कायमची गेली. मग कुठलीच जादू चालायची नाही. तीन कामं सांगते. करशील?"

"करीन."

"पहिलं काम. तुझा पलंग मला आणून दे."

घुमाईने एक काळा दोरा दिला. पलंग शिसवी, आठ माणसांना हलत नसे. राणीने दोरा त्याच्या पायाला बांधला, तर तो अंग झटकून उठला आणि दाव्याच्या गाईसारखा मागोमाग चालू लागला. बाजारात लोकांनी वाट करून दिली. एका भाजीवालीने विचारलं, "सरकार, कुठे निघालात?"

"पलंगाला पोचवायला."

"सावकाश जा. पुढे खड्डा आहे," भाजीवाली म्हणाली.

पलंग शेळ्यांशेजारी जाऊन उभा राहिला. घुमाई म्हणाली, "नऊ वर्षं याच्यावर तू झोपेशी कुस्ती खेळलीस. हा पलंग नाही राहिला, आखाडा झालाय. आता चटईवर निजायचं, तेही डोळे जड झाले तरच. झोप आली नाही तर उठून काही काम करायचं. सूर्य उगवला की उठायचंच, आणि दुपारी लवंडायचं नाही."

हे कसलं औषध, असं राणीला वाटलं. पण शब्द दिला होता. पहिल्या तीन रात्री हालांत गेल्या. तिने मुदपाकखान्यातल्या सगळ्या चिंचा फोडून ठेवल्या, सकाळी आचारी तोंडात बोट घालून उभे. पाचव्या रात्री मात्र ती चटईवर टेकली आणि पूर्ण दोन घटका झोपली. सकाळी तिने सेनापतीला सेनापतीच म्हटलं.

दुसरं काम पिंगळ्याने निरोपात आणलं. "घटिकापात्राला रात्री गप्प कर."

वाड्याच्या चौकात पाण्याने भरलेलं घंगाळ होतं. त्यात बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगे. घटकाभरात ती भरून बुडाली की पहारेकरी गोंदाजी टोल देई. राणी रात्रभर तेच मोजत पडे. आत्ता निजले तरी अकरा घटका मिळतील. आत्ता निजले तरी सात. आता चारच. मोजता मोजता उजाडायचं. राणीने वाटीला हात घातला, तर वाटी बोलली.

"मी बुडले नाही तर राज्याला वेळ कसा कळेल?"

"दिवसा बुड. रात्री विसावा घे."

"एका अटीवर. मला चिंचेने घासून लख्ख करायचं. किती वर्षं झाली, कुणाचं लक्ष नाही माझ्याकडे."

चिंच तर ढीगभर फोडून ठेवलेलीच होती. राणीने बाह्या सारून वाटी घासली, इतकी की तीत तोंड दिसू लागलं. त्या रात्री टोल नाही. गोंदाजीला काय करावं कळेना, तो थोडा वेळ हातोडा घेऊन बसला आणि मग घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने राणीसाठी आंबोळ्या पाठवल्या.

राणीला आता रात्रीच्या सहा-सात घटका झोप मिळू लागली. पण उथळ. स्वप्नाचा त्यात पत्ता नव्हता, आणि बीजसभा दुसऱ्या दिवसावर आली. ती धावत घुमाईकडे गेली.

"तिसरं काम. मण्यांचे डोळे मिटव."

"कसे?"

"ते तुला नऊ वर्षं ठाऊक आहे," घुमाई म्हणाली आणि भाकरी उलटवायला वळली.

ठाऊक होतंच. खरं सांगायचं. पण खरं सांगितलं की सिंहासन गेलं, आजोबांचं, बाबांचं. राणीने त्या रात्री चटईवर बसून दहावं स्वप्न रचलं. टपोऱ्या ज्वारीचं रान, त्यावर मोरांचा थवा.

"छान जमलंय," पिंगळा खिडकीतून म्हणाला. "पाठ झालं?"

"झालं."

"मग उद्यापासून रात्री गप्पा मारायला मला सोबत झाली. कायमची."

राणीने खिडकी ओढून घेतली.

सकाळी बीजसभा भरली. तबकात नऊ मणी मांडले होते. नऊही तिच्याकडे टक लावून पाहत होते, हे आता तिला दिसलं. ज्वारीचं रान ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मला नऊ वर्षं नीट झोप नाही," ती म्हणाली. "स्वप्न एकही पडलं नाही. नऊच्या नऊ मी रचून सांगितली. बाबांची जागा जाईल, अशी भीती वाटली. मला क्षमा करा."

तबकातला पहिला मणी मिटला. मग दुसरा, तिसरा. नववा दोनदा मिचमिचला, राणीकडे एकदा बघून मिटला. आणि मग राजवैद्य उठले.

"सरकार, मलाही दोन वर्षं झोप नाही. सांगायची लाज वाटत होती. माझ्या जायफळाने मलाच काही होत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा दरबार हसला, राजवैद्यही हसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा राणी पोट धरून हसली. हसत हसत तिने मुकुट काढून पायरीवर ठेवला, शेजारी बसली, सिंहासनाच्या पायाला डोकं टेकलं आणि झोपली.

वृद्ध प्रधान भद्रसेन सिंहासन सोडण्याचं आज्ञापत्र घेऊन पुढे आले आणि थबकले. "आज्ञापत्र ऐकवल्याशिवाय सिंहासन रिकामं होत नाही," ते म्हणाले. "झोपलेल्याला ते ऐकवता येत नाही."

"मग उठवा," मागून एकजण म्हणाला.

सेनापतीने तलवारीवर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "उठवून दाखवा."

राणी तीन दिवस, तीन रात्री झोपली. हत्तींच्या पायांना रजया बांधल्या. बाजारात लोक खुणांनी भाव करू लागले. घुमाई येऊन एकदा डोकावून गेली. सूर्य उगवला की उठायचा नियम होता ना, असं पिंगळ्याने विचारलं, तर म्हणाली, "तो जागणाऱ्यांना. ही निजलीय."

चौथ्या सकाळी राणीने डोळे उघडले. समोर सगळा दरबार उकिडवा बसून होता.

"बाबा आले होते," ती म्हणाली. "अंगणात माझी डावी वहाण शोधत होते. घर पालथं घातलं. शेवटी ती एका भोपळ्यात सापडली. बाबा इतके हसले की मलाही हसू आवरेना. एवढंच होतं."

तिच्या ओठांतून केशरी मणी निघाला आणि तबकात टण्णकन पडला. तिने तो मुठीत घेतला. उबदार होता. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

भद्रसेनांनी आज्ञापत्राची गुंडाळी केली. "स्वप्न आहे," ते म्हणाले. "सिंहासन आहे."

त्या साली आधी भोपळ्याचं बी पेरलं. भोपळे असे आले की एकेका बैलगाडीला एकेक. घरोघरी घारगे तळले आणि पहिलं ताट घुमाईला गेलं. पलंग तिच्याकडेच राहिला, शेळ्या त्याच्यावर निजतात.

राणी मग रोज ढाराढूर झोपायची, असं मात्र समजू नका. कधी कधी यायची नाहीच झोप. मग ती उठे, चार चिंचा फोडे, पिंगळ्याशी दोन गोष्टी बोले आणि सकाळी दरबारात सरळ सांगे, आज झोप नाही झाली, सावकाश बोला. दरबार सावकाश बोले. सिंहासनावरची जुनी अक्षरं तिने घासून काढली आणि तिथे नवी कोरली. ती अजून आहेत, जाऊन पाहा: ज्याला स्वप्न नाही, त्याला आधी झोपू द्या.