डावीकडची भिंत

"…पण नाही का म्हणताय, तात्या? सगळा महाराष्ट्र माझ्यासमोर येऊन बसतो. तुम्हीच तेवढे नाही?"

विचारणारा दौलत वाघचौरे. एके काळी तमाशातला सोंगाड्या. कुणाच्या तोंडावर काय बोलेल याचा नेम नसायचा. आता टीव्हीवर त्याचा मुलाखतींचा कार्यक्रम होता. मंत्री, नट्या येत आणि त्याचे टोमणे हसत हसत झेलत.

केरबातात्या त्याचे गुरू. सोंगाड्याचं काम त्यांनीच त्याला शिकवलेलं. म्हातारपणी ते मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहत, देवळाची झाडलोट करत.

तात्या लसूण सोलत होते.

"परवा तुझ्याकडं मंत्री आलता," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. "काय बोलला?"

"लोक लई हसले, तात्या."

"तो काय बोलला?"

दौलतनं आठवून पाहिलं…

"ध्यानात नाही."

तात्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

"मला एक प्रश्न विचार. इथंच. उत्तर नीट ऐकलंस, तर येतो तुझ्या टीव्हीवर."

"एवढंच?"

"एवढंच."

दौलत खूश झाला. बारा गावं पालथी घातली असती, तरी तात्यांसारखा पाहुणा मिळाला नसता. त्यानं सदरा ओढून सारखा केला, मांडी बदलली.

"तर मंडळी… म्हणजे तर तात्या. तुम्ही तमाशाच्या बोर्डावर आलात की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं माणूस उठून बसायचं. आता बोलता ते समोरच्याला ऐकू येईना. आवाज मारुतीकडं गहाण टाकलाय का काय?"

तात्या हसले. मनापासून हसले.

"टोमणा बरा होता," ते म्हणाले.

मग हात पुसत म्हणाले, "घशात गाठ हाय. गुरुवारी मिरजेला कापणार. आवाजाची पेटीच काढणार म्हणाले डॉक्टर. त्याच्यानंतर बोलणं नाही, दौल्या."

दौलतची मान वळली.

तात्यांकडे नाही. डावीकडे.

पाहुणा असं काही बोलून गेला, की स्टुडिओत तो डावीकडच्या कॅमेऱ्यात पाहायचा. भुवया उंचावून, क्षणभर, काही न बोलता. घरोघरी लोक त्या नजरेची वाट बघत. पोरं त्याची नक्कल करत.

इथं डावीकडे भिंत होती. चुन्याची, पोपडे धरलेली.

दौलतच्या भुवया वर गेल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

मग आपण काय केलं ते त्याला कळलं. मान परत वळवायची होती, पण वळेना. तात्यांचा चेहरा आता कसा दिसत असेल, ते बघायची त्याची छाती होईना.

"तात्या… मी…"



बाहेर कुणीतरी देवळातली घंटा वाजवली आणि निघून गेलं.

तात्याही त्याच भिंतीकडे बघत होते. शांतपणे, डोळे बारीक करून.

"कोण हाय तिथं?"

"कुणी नाही, तात्या."

तात्यांची नजर भिंतीवरून हलली नाही.

"खरंच कुणी नाही."

तात्यांनी लसणाची ताटली बाजूला सारली.

"त्याला बाहेर घालवून ये," ते म्हणाले. "मग परत विचार."