वायूचा भोंगा

देवाशपथ, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. तिथे दोघेच होते, आणि दोघांनीही ती आजवर कोणाला सांगितलेली नाही.

“म्हणजे इंटरफेसच्या जागी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास हवा होता, एवढंच ना, सर?”

खारकर विचारत होता. मठाच्या ओसरीवर, बूट न काढता.

पोंक्षे सर शेंगा सोलत राहिले. तीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवून ते या मठात येऊन राहिले होते. इथे त्यांना सगळे बाबा म्हणत.

“इंटरफेस म्हणजे काय रे?”

खारकरला हसू आलं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारायचं!

“वचन, सर. अमुक कामं करीन, एवढंच. कशी, ते ज्याने त्याने लिहायचं.”

“आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास?”

“त्यात थोडं काम बापाने करून ठेवलेलं. उरलेलं पोरांनी करायचं. भोंगा बापाकडे ठेवला असता, तर परवा वायू गळला तेव्हा वाजला असता.”

“परवा का नाही वाजला?”

...

कारखान्यातली धोक्याच्या इशाऱ्याची यंत्रणा खारकरने लिहिलेली. प्रत्येक धोक्याला प्रोग्रामचा वेगळा तुकडा: आगीचा क्लास, पाण्याचा क्लास, वायूचा क्लास. ‘भोंगा वाजव’ हे वचन प्रत्येकाने पाळायचं. वायूचं यंत्र यायचं होतं, आणि एकही वचन लिहायचं राहिलं की प्रोग्राम पुढे न सोडणारा कंपायलर तर अडून बसलेला. मग त्याने वायूच्या क्लासमध्ये ‘भोंगा वाजव’ असं लिहिलं, पुढे कंस उघडला आणि लगेच मिटला. आत काही नाही. कंपायलर खूश. पुढे यंत्र आलं, बसलं. कंस तसेच राहिले.

“आत लिहायचं राहून गेलं,” तो म्हणाला. “पण रचना चोख होती, सर. इथे येण्याआधी तुम्हीच तपासून सही केली होती. तेवढं चौकशी समितीला लिहून द्या. नाहीतर मी संपलो.”

“त्याचं नाव काय?”

“कोणाचं?”

“ज्याचे डोळे गेले.”

...

खारकरला आठवेना. कंत्राटी होता कोणीतरी.

सर आत गेले. बऱ्याच वेळाने पाकीट घेऊन आले. खारकर पाया पडला, फाटकापर्यंत गेला, पाकीट फोडलं आणि तसाच धावत मागे आला.

वर ‘माननीय चौकशी समिती’. खाली सरांची वळणदार सही. मधला सगळा कागद कोरा.

“सर, यात काहीच नाही!”

“मायना आहे, सही आहे. कंपायलर कशाला अडवतोय?”

...

बरं, कबूल. कोरा कागद ही पदरची भर. असं व्हायला हवं होतं, म्हणून घातली. खऱ्या पत्राची दोन पानं भरगच्च होती, आणि समितीने ती मानली. खारकरला बढतीही मिळाली.

मात्र ओसरीवर पाकीट फोडायला त्याने बोट घातलं होतं, तेव्हा सरांनी त्याचा हात धरला, हे खरं.

“उघडून बघू नकोस. तुझे कंस मी तरी कुठे उघडून बघितले होते?”