वासराच्या फोटोतला हात

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कांचन दर्ग्याच्या ओट्यावर चढली, ती विचारतच चढली.

"पण बाबा, मी हात नाही लावला तर ते पडंल की नाही?"

कासमबाबा उदबत्तीची राख गोळा करत होते. त्यांनी सगळी राख गोळा केली, हात पुसले, मग वर बघितलं.

"कोण पडंल?"

"वासरू. आमच्या प्रांजलचं."

"हं…" बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्यासाठी चटई सरकवली.

कासमबाबा दर्ग्याचे मुजावर. उमेदीच्या वर्षांत ते जत्रांमधून तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवत. तंबू गेले, मशीन भंगारात गेलं, आणि बाबा गावी येऊन दिवाबत्ती बघू लागले. पण पडद्याची हौस काही गेली नव्हती. पुण्याची नात सुट्टीत आली तेव्हा तिनं त्यांना मोबाइलवर चालतं चित्र करायला शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी गावातली पोरं ओट्यावर जमायची.

काम तसं साधंच. मातीचं काहीतरी बनवायचं, मोबाइल स्टँडला लावायचा. माती जराशी हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक फोटो. परत जराशी हलवायची, परत फोटो. मग सगळे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की माती चालायला लागते.

बाबा शिकवायचे म्हणजे काय, तर बसून राहायचे. पोरं विचारत तेवढंच सांगायचे, आणि कधीकधी तेही सांगायचे नाहीत.

कांचनच्या लेकीनं, प्रांजलनं वासरू घेतलं होतं. गोठ्यातल्या गाईचं वासरू जन्मल्यावर पहिल्यांदा उभं राहिलं, ते तिनं दारात बसून बघितलं होतं. तेच तिला करायचं होतं. पण चिकणमातीचं वासरू, त्याच्या पायांत काड्यापेटीच्या काड्या. मागचे पाय जरा उचलले की ते आडवं व्हायला बघायचं.

म्हणून कांचननं त्याच्या पोटाला दोन बोटं लावली होती. मोबाइल तिचा, त्यामुळे ती सोबत असायचीच. आणि सोबत असल्यावर हात मांडीवर ठेवून बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

मागच्या रविवारी बाबांनी सगळ्यांची चित्रं लावून दाखवली. प्रांजलचं वासरू उठू लागलं, आणि त्याच्याबरोबर हिरव्या बांगड्या घातलेला एक मोठा हातही उठू लागला. वासरापेक्षा हातच जास्त दिसत होता.

"हे वासरू कासाराकडनं बांगड्या भरून आलंय," कुणीतरी म्हणालं, आणि ओटा हसून लोळला.

प्रांजल रडली नाही. घरी आली, वासरू कोनाड्यात ठेवलं आणि मी आता जाणार नाही म्हणाली. त्यानंतरचा आठवडाभर आईच्या प्रत्येक प्रश्नाला तिनं नुसती मान हलवली. जेवणार का, मान. वेणी घालू का, मान. येत्या शुक्रवारी उरूस. संध्याकाळी दर्ग्याच्या पांढऱ्या भिंतीवर सगळ्या पोरांची चित्रं दाखवायची होती, सगळं गाव बसणार होतं. त्यात प्रांजलचं नसणार, हेच कांचनच्या मनात घोळत होतं.

आज तिला कसंबसं समजावून आणलं होतं. ती ओट्याच्या टोकाला पाठ करून बसली होती, मांडीवर ओल्या फडक्यात वासरू.

बाबांनी तिकडं बघितलं. मग कांचनकडं.

"हात कुणाचा होता?"

"माझा."

"बांगड्या?"

"माझ्याच की."

"मग ते चित्र तुझं झालं," बाबा म्हणाले. "चांगलं झालंय. तुझं नाव घालूया."

कांचनला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरले. मग तिनं हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. प्रांजल चालायला किती उशिरा लागली. गल्लीतली तिच्या वयाची पोरं पळत होती तेव्हा ही भिंत धरून उभी असायची. आईचं बोट सुटलं की मटकन खाली बसायची. आता चारचौघांत ते वासरू पडलं तर पोरं परत हसतील, आणि ही पोरगी परत कशाला म्हणून हात लावणार नाही.

बाबा ऐकत होते… मधे त्यांनी एका पोराच्या मोबाइलचा स्टँड सरळ केला, पण ऐकत होते.

"मग काय करायचं ठरवलंस?"

तिनं ठरवूनच आणलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या. वासराला धरून उभं करायचं आणि फोटो निघायच्या वेळी हात मागं घ्यायचा. पण लांब नाही, वीतभरच. पडायला लागलं तर पकडता आलं पाहिजे.

"करून बघ," बाबा म्हणाले.

त्यांनी प्रांजलला हाक मारली नाही. नुसतं मोठ्यानं म्हणाले, की ऊन आत्ता चांगलं आहे, नंतर भिंतीआड जाईल. थोड्या वेळानं प्रांजल उठून आली. फळीवर वाळलेलं गवत पसरलं, वासरू ठेवलं.

कांचन तिच्या डोक्यावरनं वाकून बसली. प्रांजल पाय सरकवायची, आई धरायची, फोटोला हात काढायची. एकदाही चुकली नाही. घाम आला, पण चुकली नाही.

बाबांनी झालेले फोटो चालवून दाखवले.

हात कुठंच नव्हता. वासराचं ढुंगण छान वर येत होतं. पण ते मधेच काळवंडायचं, मधेच उजळायचं. काळं, उजळ, परत काळं.

कांचननं वर बघितलं. "ढग आला होता का हो?"

आभाळ स्वच्छ होतं.

"ढग नाही," प्रांजल म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून आईसाठी शब्द निघाला. "तूच आहेस ती. तुझी सावली."

कांचननं आपल्या सावलीकडं बघितलं. जरा मागं सरकली.

"आता?"

बाबांनी बोटानं अजून मागं दाखवलं.

ती ओट्याच्या कडेला गेली. "आता?"

बोट तसंच.

ती पायऱ्या उतरली, अंगणात आली. बोट अजून खाली येत नव्हतं. शेवटी ती पार कडुनिंबाखाली पोचली तेव्हा बाबांनी हात खाली घेतला. तिथून तिला प्रांजलची पाठ दिसत होती, आणि वेणीची रिबीन. वासरू काही दिसत नव्हतं.

"इथनं काय कळणार मला?" ती स्वतःशीच पुटपुटली.

थोड्या वेळानं बाबा किटली आणि दोन बशा घेऊन आले, तिच्याजवळ बसले. ओट्यावर मोबाइलचा आवाज येत होता. खट्… मग शांत. खट्… मग शांत.

आणि मग एक बारीक आवाज आला. ओली माती फळीवर आपटल्यासारखा. थप्प.

कांचन अर्धी उठली.

"धर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी काठोकाठ भरलेली बशी तिच्यापुढं केली.

तिनं दोन्ही हातांनी धरली. चहा कढत होता आणि अगदी कडेपर्यंत होता. ती उठूही शकेना, ठेवूही शकेना. तशीच खाली बसली.

खट्.

"बाबा, ते पडलं."

"हं."

खट्… खट्…

"ती वाकलीच नाही, उचलत नाहीये त्याला. पडलेल्याचेच फोटो काढतेय."

"हं."

"विसरली असंल उचलायचं. मी नुसतं सांगून येते."

"चहा सांडंल."

खट्… खट्… खट्… प्रांजलची पाठ हलत नव्हती. नुसतं एक बोट हलत असणार.

"काहीच हलत नसताना फोटो कशाला काढायचे, बाबा?"

बाबांनी आपल्या बशीवर फुंकर घातली.

"दमलं असंल ते," ते म्हणाले.

कांचननं बशीकडं बघितलं. मग ओट्याकडं. मग हळूहळू, न सांडता, तिनं तो चहा पिऊन टाकला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

उन्हाची तिरीप भिंतीआड जायला आली तेव्हा ओट्यावरून हाक आली.

"बाबा, झालं."

हाक बाबांना होती. कांचनला ती लागली, पण तीही मागोमाग गेली आणि पोरांच्या मागं उभी राहिली. पदर सावरून, सावली भिंतीवर पडेल अशी.

प्रांजलनं चित्र चालू केलं.

वासरू गवतात पडलेलं. ढुंगण वर आलं, खरं वासरू उठतं तसं, आधी मागचे पाय. डुललं. पुढचा एक गुडघा सरळ झाला. आणि भदकन तोंडावर पडलं.

पोरं खदखदून हसली. कांचननं डोळे मिटून घेतले.

डोळे मिटलेलेच होते, तेव्हा तिला जाणवलं, की हसू थांबलंय.

तिनं उघडून बघितलं. वासरू पडलेलं होतं. अजून पडलेलं होतं… उठत नव्हतं. काहीच होत नव्हतं, आणि एकही पोर दुसरीकडं बघत नव्हतं.

"मेलं काय गं?" पुढं बसलेल्या एका मुलीनं कुजबुजत विचारलं.

प्रांजलनं नुसतं मोबाइलकडं बोट दाखवलं.

मग वासराचा एक कान हलला.

मग शेपटीचं टोक. मग मागचे पाय, हळूच. मग एक गुडघा, थांबून दुसरा. चारही पाय फाकवून, थरथरत, ते उभं राहिलं. आजूबाजूला नुसतं गवत होतं.

कुणी हसलं नाही. ती पुढची मुलगी म्हणाली, "उठलं बाई," आणि तिनं मोठा श्वास सोडला.

प्रांजल वळली. सगळ्या पोरांच्या डोक्यांवरनं तिनं मागं बघितलं.

"आई, बघितलंस?"

कांचनला बोलायचं होतं. पण आता तिनंच नुसती मान हलवली. प्रांजल हसली, आणि शुक्रवारी मामालाही बोलव म्हणाली. मग वासराला ओल्या फडक्यात गुंडाळायला लागली.

पोरं पांगल्यावर कांचन बाबांजवळ आली.

"बाबा, एक विचारू? पडल्यावर त्याला तितका वेळ पडू द्यायचं, हे तुम्ही शिकवलंत तिला?"

"मी तर तुझ्यासोबत चहा पीत होतो."

"मग कुणी शिकवलं?"

बाबा बशा विसळायला लागले.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक नवीन बाई आली होती. सोबत लहानशी मुलगी, फळीवर मातीचं बदक. बाई मुलीच्या पाठीवर जवळजवळ ओणवी झाली होती, दोन्ही हात बदकाभोवती. मुलगी तिच्या हातांमधून मोबाइलकडं बघायला धडपडत होती.

कांचननं बघितलं. बाबांनी ती बघतेय ते बघितलं.

"पोरी, जा. तिला कडुनिंबाखाली बोलव," ते म्हणाले. "का म्हणून विचारलं तर सांगू नकोस. एवढंच म्हण, की तुझ्यानंतर जी आई येईल, तिला तू इथं बोलवायचंस."