गाडीखालचा तांबू

फार पूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरीत एक राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्यात बोधिसत्त्वांनी त्या खेपेला कुत्र्याचा जन्म घेतला होता. राजवाड्यातलं कुत्रं नव्हे, गाडीखालचं कुत्रं. रंग तांबूस म्हणून नाव तांबू. एक कान उभा, एक मोडलेला.

त्याचा धनी तिस्स नावाचा गाडीवान. तो पुन्नक नावाच्या व्यापाऱ्याची गाडी हाकायचा. वरच्या मुलखातलं कापड घेऊन घाट उतरायचं, बंदरात जहाजावर चढवायचं आणि मीठ भरून परत यायचं, हा त्याचा धंदा. गाडी चालू लागली की तांबू तिच्याखालच्या सावलीत शिरायचा आणि दोन चाकांच्या मधोमध, बैलांच्या पावलाला पाऊल जुळवत चालायचा. गाडीवानांची कुत्री अशीच चालतात. ऊन लागत नाही आणि वाट चुकत नाही.

पुन्नक ते बघून म्हणायचा, "गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय." दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला स्वतःच हसायचा.

तांबूला बोलता येत नाही असं सगळे म्हणत. ते खोटं. तो दिवसभर बोलायचा, ऐकायला कुणाला सवड नव्हती. ऐकायची ती एकटी तिस्सची बायको, सोणा. सोणाला तोंड होतं आणि ते ती वापरायची. सासूपासून सावकारापर्यंत तिने कुणाची भीड ठेवली नव्हती. पण तांबूपुढे बसली की आधी गप्प व्हायची. तिला कळलं होतं, कुत्र्याची अर्धी भाषा डोळ्यांत असते आणि उरलेली अंगभर पसरलेली असते. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, इतकं सोपं ते नाही. शेपटीबरोबर कंबर हलली तर खूश. शेपूट खाली घालून हळूहळू हलवली, तर ते विचारतंय, माझं काही चुकलं का. झोप नसताना जांभई दिली, तर त्याचा जीव घाबरलाय. आणि एखाद्या वस्तूकडे बघून तुमच्या तोंडाकडे बघितलं, परत वस्तूकडे बघितलं, तर ते दाखवतंय. देवाने त्याला बोट दिलं नाही, म्हणून नजरेने दाखवतंय.

त्या वर्षी सोणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचं माहेर घाटाच्या माथ्यावर आणि सासर घाटाच्या पायथ्याला. मुलगी झाली. तिला न्यायला तिस्स मालाच्या गाडीनेच यायचा होता.

वाटेत एका ओढ्यात गाडीचं चाक दगडावर आपटलं आणि तेव्हापासून आस करकरायला लागला. दोन्ही चाकं ज्या आडव्या लाकडावर फिरतात तो हा आस. पुन्नक गाडीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसला होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. संध्याकाळच्या भरतीला जहाज सुटणार आणि त्याआधी माल चढला नाही तर पुढचं जहाज पावसाळ्यानंतर.

"तिस्सा, ही करकर बंद कर. माझं डोकं उठलंय."

तिस्सने चांगलं भरपूर वंगण घेतलं, त्यात फडकं भिजवलं आणि आसाला गच्च गुंडाळलं. करकर थांबली. मालक खूश, तिस्स खूश. गाडी काहीतरी सांगत होती, तिचं तोंड बांधलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पण खाली चालणाऱ्या तांबूला त्या फडक्याच्या आतलं ऐकू येत होतं. लाकडाची एकेक शीर तुटत होती. अगदी बारीक आवाज, माणसाच्या कानाला न लागणारा. तांबू गाडीखालून बाहेर आला.

तो तिस्सच्या पुढे जाऊन उभा राहिला. आसाकडे बघितलं, तिस्सकडे बघितलं, पुन्हा आसाकडे बघितलं. तिस्स म्हणाला, "बाजूला हो रे." तांबूने मोठी जांभई दिली. पुन्नक म्हणाला, "बघा, मालक जागा आणि कुत्र्याला झोप." मग तांबूने फडक्याचं टोक दातात धरलं आणि ओढलं.

"वंगणाची चटक लागली मेल्याला," तिस्स म्हणाला. वंगणात चरबी असते, कुत्री ती चाटतात, हे प्रत्येक गाडीवानाला माहीत असतं. म्हणून तर तो चुकला. त्याने चाबकाची काठी तांबूच्या पाठीत घातली.

तांबू केकाटला आणि लांब झाला. थोडं अंतर मागून चालला. मग पुन्हा पुढे आला आणि पुन्हा फडक्याला तोंड लावलं. पुन्हा काठी बसली.

असं करत गाडी घाटाच्या माथ्यावर आली. सोणा पोरीला घेऊन वाटेवर उभी होती. तिच्या आईने डोळ्याला पदर लावला होता, भाऊ बोचकी चढवत होता, पोर रडत होती. सोणाने तांबूला हाक मारली. तो आला, पोरीच्या पावलाला नाक लावलं. दुधाचा, हळदीचा, नव्या माणसाचा वास. त्याची कंबर हलली. आणि लगेच शेपूट खाली गेली.

"याला काय झालं?" सोणाने विचारलं. "आणि पाठीवर वळ कसले?"

"चोरटं झालंय. सकाळपासून वंगण चाटतंय."

"तांबू आणि चोरी?"

"अगं, आता चल. जहाज सुटेल. भांडण घरी कर."

सोणाने नवऱ्यावर विश्वास ठेवला आणि चढून बसली. तेवढ्यात तांबूने फडफड कान झाडले. निघताना कुत्र्याने कान झाडले की अपशकुन. पुन्नकचा चेहरा उतरला. तो खाली उतरला, घोटभर पाणी प्याला, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा चढून बसला. झालं, शकुन सुधारला. कुत्र्याने कान का झाडले, हे बघायला त्याला वेळ नव्हता.

समोर घाटाचा उतार होता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मधे गाडीपुरती वाट.

तांबूला पळता आलं असतं. त्याच्या पाठीत आग होत होती. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं, मार खाल्ला होता, त्याच्याकडून हिशोब मिटला होता. मागून सावकाश चालत गेला असता तर त्याच्या केसाला धक्का लागणार नव्हता. पण त्या गाडीत पोरीची ती पावलं होती. बोधिसत्त्वांच्या मनात राग आला नाही असं नाही, आला. तो त्यांनी मनात ठेवून घेतला नाही, एवढंच.

बैलांनी उताराकडे पाय टाकला तेव्हा तांबू पुढे धावला आणि चाकाच्या समोर, वाटेवर आडवा झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. मान जमिनीवर टेकली आणि डोळे वर करून सोणाकडे बघितलं.

तिस्सने बैल आवरले. "आता हे पिसाळलं."

"दगड घाल त्याच्या डोक्यात," पुन्नक म्हणाला. "पिसाळलेलं कुत्रं आणि गाडीत तान्हं पोर. बघतोस काय?"

तिस्सने दगड उचलला. पण तो मारवेना, कारण त्यानेच ते पिल्लू चिखलातून उचलून आणलं होतं.

"दगड खाली ठेवा," सोणा म्हणाली.

"अगं, मालक म्हणतात..."

"मालकांना म्हणू दे. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही. बघून घेऊ." ती पोरीला छातीशी धरून उतरली, एका तळव्यावर पाणी घेतलं आणि तांबूच्या तोंडापुढे धरलं. त्याने ते सगळं पिऊन टाकलं आणि तिची बोटं चाटली.

"झालं समाधान?" ती पुन्नकला म्हणाली. मग तिथेच धुळीत मांडी घालून बसली आणि गप्प झाली.

तांबूने गाडीखाली बघितलं. सोणाच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा गाडीखाली बघितलं.

"हे सकाळपासून गाडीखाली चाललं का?"

तिस्स विचारात पडला. "नाही. बाहेरूनच चाललंय."

"एवढ्या उन्हात? जन्मभर जे सावली सोडत नाही, ते उन्हातून चालतंय आणि तुम्ही त्याला मारताय. सोडा ते फडकं."

"सोणे, जहाज..."

"जहाज गेलं खड्ड्यात. आधी फडकं सोडा."

तिस्सने फडकं सोडलं. वंगण बोटाने पुसलं. आसाच्या अंगावर वरून खालपर्यंत चीर गेली होती. गोरं लाकूड आतून दिसत होतं.

पुन्नक स्वतः खाली उतरला. बैल सोडले, आणि गठ्ठे उतरवायला तिस्सने गाडी जराशी तिरकी केली, तोच आस मोडला. गाडी एका बाजूला बसली. सुटलेलं चाक उतारावरून गडगडत गेलं, वळणावर वळलं नाही आणि दरीत पडलं. ते खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की सोणाने पोरीला आणखी घट्ट धरलं.

पुन्नकने त्या मोडक्या गाडीकडे बघितलं, मग पोरीकडे. "जहाज जाऊ दे," तो म्हणाला.

तिस्स तांबूजवळ बसला. पाठीवरच्या वळांवर त्याने हळद लावली. "बोलायचं तरी होतंस रे," तो म्हणाला.

"बोलतच होता तो," सोणा म्हणाली. "तुम्ही काठीने उत्तर देत होता."

तांबूने तिस्सचा हात चाटला. कुत्र्याकडे तेवढंच उत्तर असतं.

सोणाच्या माहेरच्या सुताराने बाभळीचा नवा आस बसवला, नवं चाक चढवलं. बैल जुंपले, पोर सोणाच्या मांडीवर झोपली. तिस्सने चाबूक उचलला नाही. पुन्नकही खालीच थांबला. दोघं तांबूकडे बघत उभे राहिले.

तांबू चाकाजवळ गेला. आसाचा वास घेतला. मोडका कान तसाच, उभा कान आणखी उभा. आणि मग शेपटीबरोबर कंबर हलवत तो गाडीखाली शिरला आणि दोन चाकांच्या मधे आपल्या जागी उभा राहिला.

पुन्नक वाकला. त्याच्यासारख्या व्यापाऱ्याला वाकायची सवय नव्हती. गाडीखाली तोंड घालून तो म्हणाला, "ओढ बाबा गाडी."

शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, ही गोष्ट विहारात सांगत होते. विहाराच्या दारात येऊन उभ्या राहणाऱ्या एका कुत्रीला ढेकूळ मारणारा भिक्खू समोरच मान खाली घालून बसला होता. शास्ते म्हणाले, "भिक्खू, त्या वेळचा तिस्स तू होतास. पुन्नक आज माझा शिष्य आनंद आहे. सोणा ही भिक्खुणी उप्पलवण्णा. आणि गाडीखालचा तो कुत्रा मीच होतो."

भिक्खू उठला. भिक्षापात्रातला भात घेऊन दाराशी गेला. कुत्री मागे सरली, शेपूट खाली घालून हळूहळू हलवू लागली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, बोलला नाही, आणि ती जिकडे बघत होती तिकडे बघू लागला. कुंपणाच्या पलीकडे, काट्यांत अडकलेलं तिचं पिल्लू त्याला तेव्हा दिसलं.

मार खाऊनही पुन्हा येऊन सांगायचं, या गुणाला क्षांती म्हणतात. बोधिसत्त्वांनी ती त्या जन्मी गाडीखाली चालून पुरी केली.